प्रतिसाद: ग्लॉस्टरशायरचा 1895 चा हंगाम

वर कुणीतरी लिहिलंय की 1895 साली ग्लॉस्टरशायर या इंग्लिश काउंटी क्रिकेट संघाचा गाडा डब्ल्यू. जी. ग्रेस या फलंदाजाने एकट्याने ओढला. अर्धं पटलं. 46 व्या वर्षी फक्त मे महिन्यात हजार धावा, त्यात ब्रिस्टलला सॉमरसेटविरुद्ध 288 म्हणजे कारकिर्दीतलं शंभरावं शतक, मग ग्रेव्हसेंडला केंटविरुद्ध 257 आणि नाबाद 73. हे कुणीच नाकारणार नाही. पण आदल्या वर्षी तळाला असलेला संघ चौदा काउंट्यांत चौथा आला, तो काय नुसत्या फलंदाजीवर? समोरच्याचे वीस गडी कुणीतरी बाद करावेच लागतात की.

ते काम केलं चार्ली टाउनसेंडने. वय अवघं अठरा, क्लिफ्टन कॉलेजातला पोरगा, लेगस्पिन टाकायचा. त्या हंगामात त्याने 131 बळी घेतले, सरासरी 14 च्याही आत! वडील फ्रँक याच काउंटीकडून खेळलेले आणि ग्रेस त्याचा गॉडफादर, म्हणजे वशिला म्हणायला जागा होती, पण आकडे बघून कोण म्हणेल? शिवाय 1893 मध्ये, सोळाव्या वर्षी, चेल्टनहॅमला सॉमरसेटविरुद्ध याने हॅटट्रिक घेतली होती आणि तिन्ही फलंदाज यष्टिचित! यष्टिरक्षक ब्रेन. गोलंदाजाइतकंच श्रेय त्याचंही, खरं तर थोडं जास्तच. पण हंगामाची गोष्ट सांगताना लोक दाढीवाल्या डॉक्टर ग्रेसपाशीच थांबतात.