पाचवा महिना: श्वास धरून ठेवायचा का? आणि शवासन उताणंच करायचं का?

रानजाई:
नमस्कार मैत्रिणींनो, बरेच दिवस नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. पहिलीच खेप आहे, २१वा आठवडा चालू. लग्नाआधीपासून सकाळी योगासनं करायची सवय. सूर्यनमस्कार, कपालभाती, अनुलोम-विलोम हा ठरलेला क्रम. पहिले तीन महिने उलट्यांनी इतकी बेजार होते की चटई गुंडाळून कपाटावर गेली. आता अंगात जरा जीव आलाय, म्हणून शेजारच्या सोसायटीतल्या गर्भवतींच्या योगवर्गाला नाव घातलं.

ताई आसनं छान घेतात. प्राणायाम मात्र मोजून: चार अंक श्वास आत, सोळा अंक धरायचा, आठ अंकांत सोडायचा. पूर्वी मला हे सहज जमायचं. आता नऊ-दहालाच जीव घाबरा होतो आणि श्वास फस्सकन सुटतो. ताई म्हणतात, "सवय मोडलीये, येईल पुन्हा. बाळाला प्राणवायू जास्त मिळतो." श्वास अडवून बाळाला जास्त कसा मिळेल, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

दुसरं शवासन. गुरुवारी घरी उताणी पडले होते. पाचेक मिनिटांत कानात गुंई, कपाळाला गार घाम, मळमळ. तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद करायला म्हणून डाव्या कुशीवर वळले, तर उठायच्या आतच बरं वाटायला लागलं. वाटलं उपाशीपोटी होते म्हणून असेल. पण परवा पोहे खाऊन दोन तासांनी पुन्हा तेच.

सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) जरा खाली आलीये, गर्भाशयाच्या तोंडापासून १.६ सेंटीमीटर. ३२व्या आठवड्यात पुन्हा बघणार आहेत. योगाचं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, "हलकंफुलकं करा." बाहेर रांग होती, मीही पुढे विचारलं नाही. सासूबाई रोज कपालभाती करतात, त्या म्हणतात, "अगं सोडू नकोस, पोट सुटेल." आता सुटायचं काय राहिलंय!

योग सोडायचा नाहीये. काय ठेवू, काय वगळू?

ओव्याचं_पान:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, हे आधी सांगते.

उताणं झोपणं आजपासून बंद. पायांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर मणक्याच्या उजव्या अंगाने वर जाते. विसाव्या आठवड्याच्या आसपास गर्भाशय एवढं जड होतं की उताणं पडल्यावर ते त्या शिरेवर टेकतं. हृदयाकडे रक्त कमी पोचतं, रक्तदाब उतरतो, म्हणून गार घाम. वळल्याबरोबर शीर मोकळी झाली. तुमचं निदान कुकरनेच केलं म्हणायचं. शवासन डाव्या कुशीवर करा, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटाखाली दुमडलेली चादर.

श्वासाबाबत तुमची शंका बरोबर आहे. गरोदरपणात प्राणवायूची गरज साधारण २० टक्क्यांनी वाढते आणि वर चढलेल्या गर्भाशयामुळे छातीतला साठा कमी होतो. म्हणून दम पूर्वीपेक्षा लवकर लागतो, त्यात सवयीचा काही संबंध नाही. कुंभक, म्हणजे श्वास धरून ठेवणं, सोडा. चार अंक आत, सहा अंक बाहेर, मध्ये थांबायचं नाही. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणं, चालेल, श्वास आपोआप लांब सुटतो. कळांच्या वेळी हाच लांब उच्छ्वास कामाला येतो.

कपालभाती आणि भस्त्रिका दोन्ही नकोत, पोटाला झटके बसतात. आणि कपालभाती मुळात प्राणायाम नव्हेच, हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांपैकी एक आहे. सासूबाईंना हे सांगून बघा, योगातलंच कारण असलं की ऐकतात!

वारेबद्दल मात्र इथे कुणाचं ऐकू नका, माझंही नाही. पुढच्या वेळी आसनांची नावं कागदावर लिहून न्या आणि एकेक विचारा. खासकरून मालासन, म्हणजे खोल उकिडवं बसायचं आसन.

सुपारीफूल:
आमच्या आज्या आठव्या महिन्यात जाती ओढत होत्या. एवढं घाबरायचं कशाला?

ओव्याचं_पान:
@सुपारीफूल, आज्या जातं बसून ओढायच्या, उताण्या झोपून श्वास धरून नव्हे.

पाटापाणी:
माझीही वार खाली होती, दुसऱ्या स्कॅनला वर सरकलेली निघाली. बहुतेकींची सरकते, गर्भाशय वाढतं तशी. तोवर मी मार्जारासन (हातगुडघ्यांवर, मांजरासारखं) आणि भिंतीला पाठ टेकून बद्धकोणासन (तळपाय जुळवून बसायचं) करायचे, डॉक्टरांना दाखवून. रक्ताचा डाग दिसला किंवा पाणी गेल्यासारखं वाटलं तर धाग्यावर विचारत बसू नकोस गं, थेट दवाखाना गाठ.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. आज कागद घेऊन गेले होते. डॉक्टर हसल्या, पण पूर्ण वाचला. ३२व्या आठवड्यापर्यंत मालासन आणि खोल उकिडवं बसणं बंद, कपालभातीवर फुली. चालणं, बद्धकोणासन, मार्जारासन चालेल. चक्कर येत होती हे आधीच का नाही सांगितलंत, म्हणून ओरडाही खाल्ला.

वर्गातल्या ताईंना सांगताना जरा धाकधूक होती. त्यांनी वाद घातला नाही, फक्त विचारलं, "किती दिवस होतंय असं?" तर मागच्या रांगेतल्या दोघी म्हणाल्या, आम्हालाही होतं, आम्ही बोललो नाही. आता तिघी डाव्या कुशीवर असतो. वर्गात उश्या मोजक्याच आहेत, म्हणून घरून एक नेते.