मदत हवी आहे: बाळ पायाळू आहे, पायाच्या करंगळीला धग देऊन फिरतं का?

मला ३३वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. परवाच्या सोनोग्राफीत बाळ ब्रीच निघालं, डोकं वर, पाय खाली. डॉक्टर म्हणाल्या, ३६व्या आठवड्यात परत बघू. आजेसासूबाई मात्र खूश! पायाळू पतवंड आलं की उसण भरलेली अख्खी आळी लाथ खायला दारात उभी राहणार म्हणे.

ओळखीतल्या ॲक्युपंक्चरवाल्या ताईंनी 'झियिन' बिंदू सुचवलाय. पायाच्या करंगळीच्या नखाचा बाहेरचा कोपरा, त्याला अगदी लागून. चिनी वैद्यकात मानलेली मूत्राशयाची ऊर्जावाहिनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात सुरू होते आणि डोक्यावरून, पाठीवरून उतरत इथे ६७व्या बिंदूवर संपते. म्हणून चिनी वैद्य डोकेदुखी, चोंदलेलं नाक, अडलेलं बाळंतपण, सगळ्याला हाच बिंदू धरतात. बाळ फिरवायला मोक्साची कांडी (दवण्याच्या जातीतल्या झाडाचा वाळलेला पाला) पेटवून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायची, एकेका पायाला १५-२० मिनिटं, आठवडा-दोन आठवडे. घरी पेटवून पाहिली तर सासऱ्यांना वाटलं कोणीतरी विडी ओढतंय.

अडलंय ते इथे: गरोदरपणात याच बिंदूवर सुई वर्ज्य, कळा सुरू होतील असं ताईच सांगतात. मग धग कशी चालते? माझा हात करंगळीपर्यंत पोचत नाही, म्हणजे कांडी नवराच धरणार. कोणी केलंय का?

प्रतिसाद: माझ्या वहिनीने केलं होतं. बाळ फिरलं, पण कांडीने की आपलं आपण, देव जाणे. या दिवसांत बरीच बाळं स्वतःच फिरतात. १९९८ साली चीनच्या जियांगशी प्रांतातल्या २६० पहिलटकरणींवरचा अभ्यास छापून आला. धग घेतलेल्या १३० पैकी ९८ जणींची बाळं ३५व्या आठवड्यात डोकं खाली अशी होती, न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींची. पुढे इटलीत करून पाहिलं तर वास, मळमळ, पोटात दुखणं यांनी बायका वैतागल्या. १२३ जणींवरच थांबवावं लागलं आणि फरकही दिसला नाही. सुईचं कोडं मलाही सुटलेलं नाही, पण डॉक्टरांना न सांगता करू नका. वार खाली असेल, अंगावरून जात असेल, आधीचं सिझर असेल तर नाहीच. पोट कडक झालं की कांडी विझवा. आणि ३६-३७व्या आठवड्यात पोटावरून हाताने बाळ फिरवतात, त्याचंही विचारा. साधारण निम्म्या वेळा जमतं.

धागाकर्ती: आभार! रिपोर्ट काढून पाहिला, वार वरच आहे. सोमवारी डॉक्टरांना विचारते. आजेसासूबाईंना एवढ्यात काही सांगत नाही.