१००० किमीला ६५० मिली ऑइल खाते. धूर नाही, कॉम्प्रेशन चांगलं. इंजिन उघडायचं का?

चौथा_गिअर (धागाकर्ता)

गाडी २०१७ ची, १.४ लिटर टर्बो पेट्रोल, चार सिलेंडर, ७८,००० किमी. बहुतेक वापर शहरातला. ऑइल ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक, फिल्टरसह ३.८ लिटर बसतं, आजवर दर १५,००० किमीला बदललंय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा ब्रँडच्या भांडणात वाहून जाईल.

दर दीड हजार किमीला ऑइलचा पिवळा दिवा लागतो. टॉप-अप मोजून ओतलं तर हिशेब १००० किमीला ६५० मिलीवर येतो. पार्किंगमध्ये थेंब पडत नाही, निळा धूर नाही, पिकअप आणि ॲव्हरेज जसंच्या तसं. कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना सिलेंडरमध्ये होणारा दाब) १२.४, १२.१, १२.३, १२.२ बार.

सर्व्हिस सेंटर म्हणतं, "हजाराला एक लिटरपर्यंत नॉर्मल आहे." बाहेरचा मेकॅनिक म्हणतो, रिंग-पिस्टन करून टाका. कॉम्प्रेशन एवढं सरळ असताना रिंगा गेल्या असं कसं म्हणायचं? आणि इंजिन उघडायच्या आधी काय काय तपासून घ्यावं?

---

टॅपेट_कव्हर

तुमचा पहिलाच प्रश्न कळीचा आहे. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन मुख्यतः गॅस अडवतात. तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, बोअरच्या, म्हणजे सिलेंडरच्या पोकळीच्या, भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली आणते, आणि ते ऑइल तिच्या मागच्या बारीक छिद्रांतून संपमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) परत जातं. कॉम्प्रेशन टेस्ट वरच्या दोघींची परीक्षा घेते, तिसरीला त्यात कोणी काही विचारतच नाही. सिलेंडरमध्ये हवा भरून किती निसटते ते बघणाऱ्या लीक-डाउन टेस्टचंही तेच. उलट भिंतीवर जादा ऑइल राहिलं तर रीडिंग किंचित चांगलंच येतं.

ऑइल रिंगचं दुखणं झिजण्यापेक्षा अडकण्याचं जास्त. परतीच्या छिद्रांत जळकं ऑइल साचतं, कार्बन होतो, रिंग खाचेत चिकटते आणि तिचा स्प्रिंगचा ताण भिंतीपर्यंत पोचत नाही. मायलेजसाठी घर्षण कमी करायचं म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत रिंगा पातळ आणि कमी ताणाच्या झाल्या. त्यामुळे पूर्वी जेवढा कार्बन पचून जायचा तेवढ्यानेही आता काम बिघडतं.

टोयोटाचं २.४ लिटरचं २एझेड-एफई इंजिन याचं गाजलेलं उदाहरण. अमेरिकेतल्या २००७ ते २००९ च्या कॅमरीत याच तक्रारी आल्या आणि शेवटी कंपनीने वॉरंटी वाढवून सुधारित पिस्टन आणि रिंगा बसवून दिल्या. पात्रतेची रेघ होती १,२०० मैलांत १ क्वार्ट. आपल्या मापात ती १००० किमीला साधारण ४९० मिली होते. तुमचे ६५० त्या रेघेच्या पलीकडे आहेत. ऑडीच्या २.० टीएफएसआयमध्येही (२००९ ते २०११) असंच झालं आणि अमेरिकेत तडजोड करावी लागली.

आता ऑइल बदलण्याचा १५,००० किमीचा इंटरव्हल. ऑइल किलोमीटर मोजत नाही, तास मोजतं. शहरात सरासरी २० चा वेग धरला तर तुमचं इंजिन ३,९०० तास चाललंय. हायवेवर ६० च्या सरासरीने हेच अंतर १,३०० तासांत झालं असतं. म्हणजे कागदावर १५,००० किमी चाललेलं ऑइल प्रत्यक्षात तिप्पट राबलेलं असतं, तेही सिग्नलवर तापत. माझ्या मते शहरातल्या टर्बो पेट्रोलला ७,५०० किमी किंवा एक वर्ष, यापुढे ऑइल ठेवूच नये.

---

घाटरस्ता

वरचं निदान बरोबर निघेल असं वाटतं, पण त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी बाद करा. या क्रमाने.

सगळ्यात आधी मोजणी नीट. गाडी सपाट जागी, रात्रभर उभी, सकाळी सुरू न करता डिपस्टिक पुसून पाहायची. बरोबर मॅक्सच्या रेघेपर्यंत भरायचं, ओडोमीटरचा फोटो काढायचा. १००० किमीनंतर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा मापपात्राने मोजून मॅक्सपर्यंत भरायचं. जेवढं लागलं तो तुमचा आकडा. बऱ्याच गाड्यांत मिन ते मॅक्स अंतर सुमारे एक लिटरचं असतं, पण अंदाजाने "अर्धी पट्टी उतरली" म्हणण्यात अर्थ नाही. मॅक्सच्या वर भरू नका. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि तेच ऑइल इंजिनच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) इनटेकमध्ये जातं.

मग गळती. पार्किंगमध्ये थेंब नाही याचा अर्थ गळत नाही असा होत नाही. खालचा प्लास्टिकचा गार्ड काढून बघा, त्यावर पाव लिटर ऑइल निवांत बसलेलं सापडतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, टर्बोची ऑइल रिटर्न लाइन, फिल्टर हाउसिंग आणि गिअरबॉक्सच्या जोडावर मागचं क्रँक सील, या चार जागा.

तिसरं पीसीव्ही, म्हणजे क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये परत पाठवणारा व्हॉल्व्ह. इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलरचं झाकण काढून तोंडावर कागद ठेवा. हलकासा चिकटला तर ठीक. कागद उडाला तर ब्लो-बाय आहे (रिंगांवरून गॅस खाली निसटतोय) किंवा नळी तुंबली आहे. झाकण हाताने निघतच नसेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय आणि इंजिन क्रँककेसमधून ऑइलची वाफ ओढून पितंय. बऱ्याच टर्बो गाड्यांत हा पडदा टॅपेट कव्हरमध्येच असतो. अशा केसमध्ये नुसतं कव्हर बदलून प्रश्न सुटतो आणि लोक उगाच इंजिन उघडून बसतात.

चौथं टर्बो. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) खालचा पाइप सोडा. आतून ऑइलचा पातळ थर नॉर्मल. पाइप तिरका केल्यावर चमचाभर ओघळलं तर टर्बोचं सील किंवा तुंबलेली रिटर्न लाइन बघायची.

पाचवं व्हॉल्व्ह सील. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना दोन सेकंद निळा भपका येतो, किंवा लांब घाट इंजिन ब्रेकिंगवर उतरून खाली ॲक्सिलरेटर दिल्यावर मागे निळं ढग दिसतं. उतारावर थ्रॉटल बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम होतो आणि तो सीलमधून ऑइल खेचतो. मागच्या गाडीतल्या माणसाला बघायला सांगा, आरशात नीट कळत नाही. सील बदलायला दरवेळी हेड उतरवावं लागत नाही. पिस्टन वर आणून प्लगच्या भोकातून ६-७ बार हवा दिली की व्हॉल्व्ह खाली पडत नाहीत.

धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही, असं समजू नका. चालू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एवढं ऑइल धूर न दाखवता जाळून टाकतो आणि स्वतः मरतो. ऑइलमधला फॉस्फरस त्याच्या थरावर बसत जातो.

---

जुना_कार्ब्युरेटर

२०डब्ल्यू-५० टाका. पिणं आपोआप कमी होतं.

---

टॅपेट_कव्हर

@जुना_कार्ब्युरेटर, जुन्या गाडीत चालायचं. इथे व्हॅल्व्ह टायमिंगचे सोलेनॉइड आणि टर्बोची बेअरिंग ऑइलच्या दाबावर चालतात. सकाळच्या थंड इंजिनात जाड ऑइल टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-४० ला परवानगी असेल तर तिथपर्यंतच जावं. डब्यावरच्या जाहिरातीपेक्षा डेटाशीटमधला नोआक आकडा बघा: २५० अंशाला एका तासात किती टक्के ऑइल उडून जातं, ते. ऑइलच्या दर्जांपैकी एपीआय एसपीला १५ टक्के चालतात, एसीईए सी३ ला १३. बाजारात ८ ते १० वाली ऑइल मिळतात. फक्त एवढ्या बदलानेही आकडा थोडा खाली येतो.

---

चौथा_गिअर (धागाकर्ता)

तपासण्या झाल्या. गार्ड कोरडा. फिलरवर कागद हलका चिकटतो. इंटरकूलर पाइपमध्ये फक्त थर. सकाळी भपका नाही, घाटातही नाही. बोअरस्कोपमध्ये (प्लगच्या भोकातून आत सोडायचा कॅमेरा) २ आणि ३ नंबरच्या पिस्टनच्या डोक्यावर कडेने ओली, धुतल्यासारखी स्वच्छ पट्टी आहे, मध्ये काळा थर. १ आणि ४ कोरडे. बोअरवर उभे ओरखडे नाहीत. प्लग २ आणि ३ चे थ्रेड ओले.

---

टॅपेट_कव्हर

मग ऑइल रिंगच. कडेची धुतलेली पट्टी म्हणजे ऑइल रिंगेवरून वर येतंय. ओरखडे नाहीत ही चांगली बातमी. उघडण्याआधी एकदा पिस्टन सोक करून बघा, म्हणजे क्लीनर ओतून रिंगा भिजत ठेवा. हमी नाही, पण खर्च एका ऑइल चेंजएवढा.

इंजिन कोमट करा. इग्निशन कॉइल काढा, प्लग काढा. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवत चारही पिस्टन एका उंचीवर आणा. भोकांत सारख्या लांबीच्या चार प्लास्टिकच्या काड्या सोडल्या की कळतं. पिस्टन सोकसाठीच विकलं जाणारं, कार्बन विरघळवणारं क्लीनर घ्या. कार्ब्युरेटर स्प्रे पाच मिनिटांत उडून जातो, तो उपयोगाचा नाही. कॉस्टिक असलेलं, ओव्हन साफ करायचं काहीही नको, ॲल्युमिनियम खाऊन टाकतं.

सिरिंजने प्रत्येक सिलेंडरमध्ये ४० मिली ओता. प्लगची भोकं स्वच्छ फडक्याने झाका. दर दोन-तीन तासांनी क्रँक सुमारे १० अंश मागेपुढे हलवा, म्हणजे रिंगा खाचेत सरकतात. पातळी उतरली की पुन्हा थोडं भरा. रात्रभर ठेवा. सकाळी कुठल्या सिलेंडरमध्ये किती उरलंय ते लिहून ठेवा. जिथून अजिबात झिरपलेलं नाही तिथल्या रिंगा बहुधा अजून चिकटलेल्याच.

इथून पुढचं सगळ्यात महत्त्वाचं. उरलेलं द्रव सिरिंजला नळी लावून शोषून काढा. फ्युएल पंपचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर सुटेच ठेवा, भोकांवर फडकं टाका आणि प्लग न लावता ५-६ सेकंद स्टार्टर मारा, दोन-तीनदा. द्रव दाबला जात नाही. चुकून प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं.

संपमध्ये क्लीनर उतरलेलं असतं, म्हणून इंजिन सुरू करण्याआधीच जुनं ऑइल काढा. स्वस्तातलं ऑइल, नवा फिल्टर, मग सुरू. पहिली दहा मिनिटं धूर भयंकर होतो. बंद पार्किंगमध्ये करू नका, सोसायटीचे लोक अग्निशमन दलाला बोलावतील. २०० ते ३०० किमीनंतर ते ऑइलही काढा आणि चांगलं ऑइल, नवा फिल्टर. ड्रेन बोल्टचा वॉशर दोन्ही वेळा नवा.

इंजिन फ्लश (जुन्या ऑइलमध्ये ओतून गाळ सोडवणारं द्रव) मात्र नको. ७८,००० किमी १५,००० च्या इंटरव्हलवर चाललेल्या इंजिनात सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या तोंडाच्या जाळीत अडकतो, आणि मग लागणारा दिवा लाल असतो. पिवळा दिवा पातळी सांगतो, लाल दिवा दाब. लाल दिसला तर तिथल्या तिथे इंजिन बंद.

---

बीएस६_डिझेल

डिझेलवाले हा धागा वाचत असतील तर: वरचा सोक जसाच्या तसा डिझेलला करू नका. आणि डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) असलेल्या गाडीत डिपस्टिकच्या पट्टीवरची पातळी उतरत नाही म्हणून खूश होऊ नका. शहरात रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळणं, अर्धवट राहिलं की डिझेल संपमध्ये उतरतं. ऑइल जळतंय आणि डिझेल भरतंय, पट्टी जागच्या जागी. पट्टीला डिझेलचा वास आला किंवा पातळी मॅक्सच्या वर गेली तर लगेच ऑइल बदला.

---

जॉबकार्ड

"नॉर्मल आहे" हे उत्तर तोंडी घेऊ नका. काही मॅन्युअलमध्ये हजाराला अर्धा लिटर लिहिलंय, काहींत एक. तुमच्या मॅन्युअलच्या पानाचा फोटो काढा आणि सीलबंद ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागा. त्यात ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि फिलरच्या झाकणावर रंगाची खूण करतात, जॉब कार्डवर ओडोमीटर लिहितात आणि १००० किमीनंतर मोजतात. नकार दिला तर नकार ईमेलवर मागा. एक्स्टेंडेड वॉरंटी चालू असेल तर सोक या टेस्टच्या नंतर करा, आधी केला तर पुरावाही धुतला जाईल आणि त्यांना बोट दाखवायला जागाही मिळेल.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं चालतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणून पहिल्या जॉब कार्डची तारीख जपा.

---

घाटरस्ता

सोकने फरक पडला नाही तर आधी हिशेब. वर्षाला १२,००० किमी, हजाराला ६५० मिली, म्हणजे ७.८ लिटर. सातशे रुपये लिटर धरले तर साडेपाच हजार. गाडी दोन वर्षांत विकायची असेल तर डिकीत एक लिटरचा डबा ठेवून चालवणं वेडेपणा नाही. सात-आठ वर्षं ठेवायची असेल तर प्लग, कन्व्हर्टर आणि टर्बो पेट्रोलमधलं प्री-इग्निशन (ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटणं) यांचा हिशेब जोडा, मग काम करणंच बरं.

काम करायचंच तर नुसत्या रिंगा बदलू नका. छिद्रं तीच राहिली तर काही हजार किमीत पुन्हा तेच. पार्टवाल्याला सुधारित नंबरचा पिस्टन आहे का विचारा. लेथवाल्याकडून बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मापं लेखी घ्या. नव्या रिंगा प्रत्येक सिलेंडरमध्ये सोडून टोकांमधली फट फीलर गेजने मोजायला सांगा आणि ती सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा. बोअरला लोखंडी लायनर नसून कोटिंग असेल तर साध्या दगडाने होनिंग (बोअर घासणं) करू देऊ नका, कोटिंग गेलं की ब्लॉक गेला.

---

चौथा_गिअर (धागाकर्ता)

वॉरंटी संपलेली आहे, त्यामुळे या शनिवारी सोक. नंतर ऑइल ७,५०० वर. हजार किमीने आकडा टाकतो.

---

टॅपेट_कव्हर

पहिल्या हजारावर निकाल लावू नका. सुटलेला कार्बन निघत असतो, आकडा वरखाली होतो. चांगलं ऑइल टाकल्यापासूनचा दुसरा हजार धरा. ३०० च्या खाली आला तर एवढ्यावरच थांबा. ५०० च्या वर राहिला तर एकदा पुन्हा सोक, फक्त २ आणि ३ ला.