अनुभव धागा: बंद गिरणीतला ऑपेरा

दादरकरीण
परवा परळच्या एका बंद गिरणीत ऑपेरा पाहिला. ग्लुकचा 'ऑर्फेओ एद एउरिदीचे', व्हिएन्नात १७६२ साली पहिल्यांदा झालेला. खुर्च्या नाहीत, गायक जातील तिकडे आपणही जायचं. ऑर्फेओ मेलेल्या बायकोला, एउरिदीचेला, आणायला पाताळात जातो. अट एकच: बाहेर येईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही, आणि का बघत नाही तेही सांगायचं नाही. पाताळ होतं बॉयलरच्या खोलीत. तो गयावया करतो आणि तिथली भुतावळ 'नो!' म्हणून ओरडते, तेव्हा तो 'नो' लोखंडी छपराला आपटून आमच्या डोक्यावर पडत होता. शब्द मात्र सगळे घुमण्यात विरघळले.
कुणी गेलं होतं का? किंवा अशाच पडक्या कारखान्यात, गोदामात काही पाहिलंय? लिहा.

करीरोडची सून
मी सासऱ्यांना घेऊन गेले होते. अण्णा गिरणीत साचाखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा बदली कामगाराचे, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतात त्याचे, नुकतेच कायम झालेले. साच्यांच्या खडखडाटाने कान केव्हाच गेलेत, त्यामुळे नवरा म्हणाला, त्यांना गाण्याला कशाला नेतेस? पण खात्यात कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही, सगळं बोलणं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून चालायचं. अण्णांची नजर त्यात तयार झालेली. इटालियन तर मलाही कळत नव्हतं. मध्येच ते, त्यांच्या मते हळू आवाजात, म्हणाले, "ती त्याला विचारतेय, माझ्याकडे बघत का नाहीस." अख्खा घोळका वळून आमच्याकडे बघायला लागला. पण तेच चाललं होतं हो!
छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, काचा उत्तरेला, म्हणजे उजेड येतो पण ऊन थेट साच्यावर पडत नाही. हे अण्णांनी सांगितलं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून खात्यात मुद्दाम ओल ठेवायचे. आता नुसत्या मुंबईच्या ओलीने व्हायोलिनवाले हैराण, दर थोड्या वेळाने तारा लावत बसलेले.
शेवट अण्णांना पटला नाही. तो वळून बघतो, ती मरते, आणि प्रेमदेवता येऊन तिला पुन्हा उठवते. "एकदा गेलं ते गेलं. असं कोण परत देतं?" म्हणाले आणि चालायला लागले. गेटवर वॉचमनशी मात्र अर्धा तास गप्पा.

पायरीवरचा प्रेक्षक
मी 'सौभद्र'वर वाढलेला माणूस. १८८२ सालचं नाटक, अजूनही वन्समोअर घेतं. इथे एका जागेवर तोंडातून 'वा!' निघून गेलं, तर शेजारच्या बाईंनी असं पाहिलं की एउरिदीचेला मीच मारलंय. बाकी ऑर्फेओचं काम बाईने केलं होतं, त्यावर कुजबुज चालली होती. मुळात ती भूमिका कास्ट्राटो गायकासाठी, म्हणजे लहानपणीच खच्ची करून आवाज उंच ठेवलेल्या पुरुषासाठी लिहिलेली, हल्ली बायकाही गातात. बालगंधर्व डोक्यावर घेतलेल्या लोकांना यात नवल ते काय?

चिंचपोकळी पूल
जाहिरातीत लिहिलं होतं, 'इंडस्ट्रियल चार्म'. माझ्या काकांची देणी अजून त्या चार्मकडे बाकी आहेत. दोन हजारांचं तिकीट काढून भेगा बघायच्या असतील तर आमच्या चाळीत या, चहा फुकट. आणि ऑपेराच बघायचा तर गिरगावात रॉयल ऑपेरा हाऊस आहे की. १९९३ला बंद पडलेलं, २०१६ला पुन्हा उघडलंय. तिथे बसायला मिळतं.

दादरकरीण
@चिंचपोकळी पूल, तिकिटाचं मान्य. पण तिथे छपरावरून 'नो' पडणार नाही.

चिंचपोकळी पूल
आम्हाला 'नो' ऐकायला तिकीट लागत नाही ताई.

नवशिका
शनिवारी जातोय. चप्पल चालेल का?

करीरोडची सून
बूट घाला. साचे भंगारात गेले, पण त्यांचे बोल्ट अजून जमिनीतून वर आलेत. मी दोनदा ठेचकाळले, अण्णा एकदाही नाही. आणि ओडोमॉस न्या.