मदत हवी आहे: घरी केलेली दोरीची मोरकी नाकावरून घसरते

येऊरवासी:
नमस्कार. आमच्या घोडीसाठी एकाच अखंड दोरीची मोरकी (तोंडात कडी न घालता घोडीला धरण्यासाठी तिच्या तोंडावर चढवायचा दोरीचा साज) करतो आहे. हनुवटीखालची चार पदरांची गाठ जमली, पण गालांवरच्या दोन्ही बाजू सारख्या येत नाहीत आणि घोडीने मान खाली घातली की नाकावरचा पदर थेट नाकपुड्यांपर्यंत उतरतो. रविवारी पशुवैद्य येणार आहेत, त्याआधी मोरकी हवी. नेमके कुठे बिघडते आहे, एवढेच कृपया सांगावे. विकत आणण्याचा सल्ला नको.

दिवाळे_कोळीवाडा:
दोरी कसली, किती जाड आणि किती लांब? घोडी केवढी आहे? एवढे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_तबेला:
दोरी सुतीच घ्यावी. सूत मऊ असते, त्वचेला काचत नाही. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या सुताचीच मोरकी वापरली जाते.

दिवाळे_कोळीवाडा:
ठाण्याच्या पावसात सुती दोरी पाणी पिऊन जड होते आणि तिच्या गाठी इतक्या आवळतात की सोडवताना नखे तुटतात. कोरड्या गावचा अनुभव इथे लागू पडत नाही.

जुना_तबेला:
पावसाळ्यात घोडे तबेल्यातच असतात. दोरी वेळेवर वाळवली की काहीही होत नाही.

सह्याद्री७:
घोडी ओढत असेल, तर मोरकीने भागणार नाही. सारंगखेड्याच्या बाजारातून पोलादी कडीचा लगाम आणावा.

येऊरवासी:
घोडी ओढते असे मी कुठेही लिहिलेले नाही. दोरी हार्डवेअरच्या दुकानातली निळी, प्लास्टिकची, १० मिमी जाडीची आहे. घोडी काठियावाडी, चार वर्षांची. आता तरी कोणी गाठींबद्दल सांगेल का?

खारघर_अश्व:
बिघाडाचे निम्मे कारण दोरीतच आहे. निळी पॉलिप्रॉपिलीन दोरी गुळगुळीत आणि ताठ असते, त्यामुळे गाठ बसल्यासारखी वाटते आणि ताण पडताच सरकते. शिवाय १० मिमीच्या दोरीच्या गाठी काठियावाडीच्या निमुळत्या तोंडावर बोजड होतात. ६ मिमीची, घट्ट विणीची पॉलिएस्टर दोरी सुमारे ७ मीटर घ्यावी. मस्जिद बंदर-नागदेवी भागात ती सहज मिळते.

आता मापाचे. नाकावरच्या पदराचा मध्य रंगीत दोऱ्याने बांधून ठेवा आणि तिथून दोन्हीकडे सारखे अंतर मोजून गालांवरच्या दुहेरी गाठी घाला. दुहेरी गाठ बरीच दोरी खाते, म्हणून गाठ घालण्याआधी घेतलेले माप नंतर उरत नाही; गाठ घातल्यावर पुन्हा मोजावेच लागते. सगळ्या गाठी सैल ठेवून मोरकी घोडीच्या तोंडाला लावून पाहा आणि दोन्ही गाल जुळल्यावरच एकेक गाठ आवळा. नाकावरचा पदर गालाच्या हाडाची कड संपते तिथून दोन बोटे खाली, हाडावरच टेकला पाहिजे. त्याहून खाली मऊ कूर्चा असते आणि तिथे दाब आला की श्वासाला अडथळा होतो. आपला पदर उतरतो, याचा अर्थ गालांकडचे पदर लांब झाले आहेत.

दिवाळे_कोळीवाडा:
या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. बांधतानाची एक गोष्ट मात्र राहिली. कानामागून आलेले मोकळे टोक गालाजवळच्या फाशातून मागून वर घ्यावे, फाशाच्या दोन्ही पदरांना मागून वळसा घालून स्वतःच्याच खाली अडकवावे आणि टोक डोळ्यापासून दूर, मागे वळवावे. टोक डोळ्याकडे राहिले, तर मान हलताच दोरी डोळ्याला लागते.

येऊरवासी:
फार आभार. गाठीत दोरी जाते, याचा हिशेब मी धरलाच नव्हता. उद्या नवी दोरी आणतो. ही मोरकी रात्री घोडीला घातलेलीच ठेवली तर चालेल ना?

खारघर_अश्व:
मुळीच नाही. ही दोरी तुटत नाही, त्यामुळे ती खुंटीत किंवा गव्हाणीत अडकली आणि घोडी घाबरून मागे हटली, तर दोरीऐवजी घोडीची मान दुखावते. त्याच कारणासाठी ही मोरकी घालून तिला खांबाला बांधूनही ठेवू नये. रविवारी डॉक्टर तपासत असताना दोरी हातात धरूनच उभे राहावे आणि काम झाले की मोरकी उतरवावी.