सकाळचा पहिला स्टार्ट लांबतो, दिवसभर गाडी ठीक (पेट्रोल + सीएनजी)

घाटवाट
२०१६ची हॅचबॅक, १ लिटर, तीन सिलिंडर, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट. रात्रभर उभी राहिली की सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो, मग एकदम घेते. सेल्फ जोरात फिरतो. गरम झाल्यावर अर्ध्या चावीत चालू. चेक इंजिनचा दिवा नाही, प्लग आणि एअर फिल्टर नवे. एक मेकॅनिक टाकीतला पेट्रोल पंप बदला म्हणतो, दुसरा इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे) साफ करा म्हणतो. पैसे घालण्याआधी काय काय तपासू?

पाना_नंबर_दहा
आधी फुकटातली चाचणी. सकाळी सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा. मागून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येईल. ती थांबली की ऑफ, दहा सेकंद थांबून परत ऑन. असं तीन-चारदा करा आणि मग स्टार्ट मारा. झटक्यात घेतली, तर पेट्रोलच्या लाइनमधलं (नळीतलं) प्रेशर रात्रीत उतरतंय हे जवळपास नक्की.

या इंजिनांना साधारण ३ बार प्रेशर लागतं. पंपाच्या तोंडाशी एक छोटा चेक व्हॉल्व्ह असतो, तो बंद गाडीत पेट्रोल लाइनमध्ये अडवून धरतो. तो गळायला लागला की पेट्रोल टाकीत परततं आणि सकाळी रिकामी लाइन भरेपर्यंत तुम्ही सेल्फ मारत बसता.

दुसरी शक्यता, इंजेक्टर टपकणं. त्यात लक्षणं वेगळी: पेट्रोलचा वास, स्टार्ट होताना काळा धूर, सकाळी काढलेला प्लग ओला. अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बहुतेक ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल तोडतात, आणि गाडी लवकर घेते. अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबल्यावरच घेत असेल, तर मात्र इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवरची काजळी बघा.

मल्टिमीटर
सेल्फ जोरात फिरतो म्हणून बॅटरी सोडून देऊ नका, पाच मिनिटांचं काम आहे. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट हवेत, १२.४च्या खाली असेल तर चार्ज करा. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाऊ नये. जात असेल तर लगेच बॅटरी बदलू नका. बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिन ब्लॉकपर्यंत सेल्फ चालू असताना मोजा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी किंवा टर्मिनलवरची पांढरी बुरशी दोषी.

कूलंट टेंपरेचर सेन्सरही बघा. थंड इंजिनला 'मी गरम आहे' असं सांगत असेल तर ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. सकाळी चावी ऑन करून स्कॅनरवर कूलंट आणि इनटेक हवा, दोन्ही तापमानं वाचा. रात्रभर उभ्या गाडीत त्यांत तीन-चार अंशांहून जास्त फरक नको. सेन्सर थोडासाच चुकत असेल तर दिवा लागतही नाही.

रिड्यूसर
किट आहे, तर गॅसची बाजू वेगळी काढा. घरी पोचण्याआधी एक-दोन किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि तशीच बंद करा. सकाळी बरी घेतली, तर गॅस इंजेक्टर रेल (गॅस इंजेक्टरांची पट्टी) गळते आणि उरलेला गॅस रात्री मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) साठतो. फरक पडला नाही, तर दोष बहुधा किटमध्ये नाही.

आणखी एक: टाकीत पेट्रोल किती आणि कधीचं? सिक्वेन्शियल किटची गाडी सकाळी पेट्रोलवरच चालू होते. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, आणि थंडीत इंजिन पेटवायला नेमका तोच लागतो. इथेनॉल ओलावाही ओढतं.

प्लग नवे आहेत, पण गॅप (ठिणगी पडते ती फट)? पेट्रोलपुरता १.० ते १.१ मिमी चालतो. सीएनजी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ०.७ ते ०.८ ठेवा. इरिडियम असेल तर ठोकून गॅप करू नका, टोक तुटतं.

घाटवाट
सगळ्यांचे आभार. चावी चारदा ऑन-ऑफ केल्यावर पहिल्याच झटक्याला घेतली. पेट्रोलवर बंद करून काही फरक नाही. प्लग कोरडे, वास नाही. बॅटरी १२.५, सेल्फला १०.४. दोन्ही तापमानं सारखी. काटा कायम रिझर्व्हजवळ असतो, हे कबूल. म्हणजे पंपच?

पाना_नंबर_दहा
बहुतेक, पण लाइनला प्रेशर मोजायचा गेज लावून खात्री करा. टी जोड आणि त्यात बंद करायची तोटी असलेला गेज मागा. नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन पेट्रोलवर आपोआप बंद पडू द्या, म्हणजे प्रेशर उतरेल. गेज जोडून झाला की फ्यूज परत लावून चावी ऑन करा, प्रेशर बसलं की ऑफ, आणि काटा बघत राहा. पाच-दहा मिनिटांत ३ बारचा १ झाला तर गळती आहे. मग परत प्रेशर चढवून टाकीकडची तोटी बंद करा. आता टिकलं तर दोष टाकीच्या बाजूला, तरीही उतरलं तर इंजेक्टर. नायलॉन नळी पकडीने दाबून तपासू देऊ नका, ती चिरते.

टाकीच्या बाजूला निघालं तर नुसती पंपाची मोटर बदलून भागेलच असं नाही. प्रेशर रेग्युलेटर आणि त्याचा ओ-रिंगही (रबरी कडं) टाकीत पंपासकट बसणाऱ्या त्याच मॉड्यूलमध्ये असतो, अनेकदा तोच फाटलेला असतो. मॉड्यूल काढलंच आहे तर आतली जाळी आणि झाकणाचं रबर नवं घाला, जुनं रबर परत नीट बसत नाही. काम करताना टाकी पाव भागापेक्षा कमी भरलेली, सीएनजी सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली.

रिड्यूसर
पुढे टाकीत कायम दहा लिटर तरी ठेवा. बाहेरच्या बऱ्याच किटमध्ये गॅसवरही पेट्रोल पंप फिरत राहतो आणि भोवतीच्या पेट्रोलनेच तो थंड होतो. किटवाल्याला विचारा, गॅसवर पंप बंद करणारा रिले (विजेचा आपोआप चालणारा स्विच) टाकता येतो का ते. त्याची जोडणी मात्र ईसीयू समजणाऱ्याकडूनच करून घ्या. नाहीतर गॅसवरून पेट्रोलवर येताना गाडी सिग्नलला बंद पडेल.