'फँटम'ला मराठीत काय म्हणायचं?

मीनल_के: रेडिएशनच्या पेशंटसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय, एका वाक्यात अडकले. तुमचा उपचाराचा प्लॅन आधी फँटमवर (पेशंटच्या जागी ठेवतात ती वस्तू) चालवून डोस तपासतात, असं आहे. डिक्शनरीत भूत, आभास. कॅन्सरच्या माणसाच्या हातात 'भुतावर तपासणी' कसं देऊ? 'प्रतिरूप' लिहिलं तर सोबतच्या ताई म्हणाल्या, कुणाला कळणार नाही.

सातारकर: सरळ पुतळा म्हणा.

किरण_मोज्या: मी हेच काम करतो. पुतळा म्हटलं की चौकातला येतो डोळ्यासमोर, आमचा फँटम म्हणजे बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या चौकोनी पाट्या एकावर एक रचलेल्या, एका पाटीत आयन चेंबर (डोस मोजायचं उपकरण) सरकवायला भोक, नाहीतर चक्क पाण्याची टाकी, कारण शरीरात बहुतेक पाणीच. कॉम्प्युटरने काढलेला डोस आणि मोजलेला डोस ३ टक्के आणि जागेत २-३ मिलिमीटरच्या आत जुळतो का ते बघायचं.

शोभा७१: आईला २५ शेक दिले होते. गावात रेडिएशनला सगळे शेकच म्हणतात, तेच लिहा.

व्याकरणप्रेमी: शेक म्हणजे उष्णता. किरणोत्सर्ग हा नेमका शब्द असताना चुकीचा का वापरायचा?

किरण_मोज्या: किरणोत्सर्ग तर मुळीच नको!! एक आजी तो शब्द वाचून महिनाभर नातवाला जवळ घेत नव्हत्या. लिनॅक (किरण देणारं मशीन) बंद झालं की किरण बंद, अंगात काही उरत नाही. उष्णतेचं मात्र बरोबर आहे, डोस ग्रेमध्ये मोजतात, १ ग्रे म्हणजे किलोमागे १ ज्यूल ऊर्जा, रोजच्या २ ग्रेने पाणी अर्धा हजारांश अंशसुद्धा तापत नाही. पेशी मरतात त्या डीएनए तुटल्यामुळे.

शोभा७१: मग आईची मानेची कातडी काळी पडून सोलली ती कशाने? ब्लाउजची कडसुद्धा सहन व्हायची नाही तिला. भाजल्यासारखं दिसतं म्हणून लोक शेक म्हणतात, लोक चुकले नाहीत.

सातारकर: मला वाटतं शेक हा संस्कृत 'सेक'वरून, म्हणजे शिंपणं. आयुर्वेदात परिषेक आहेच. किरण शिंपतात, मग शेक बरोबरच.

व्याकरणप्रेमी: शिंपणं आणि तापवणं एक कसं होईल? आणि 'किरणोपचार' रुळलाय की आता.

शोभा७१: बोर्डावर रुळलाय. घरात कोण म्हणतं?

मीनल_के: किरणोपचार लिहून पुढे 'म्हणजे शेक' असं देते. पण फँटमचं काय?

किरण_मोज्या: 'तुमच्याऐवजी ठेवलेला ठोकळा' लिहा.

सातारकर: टाकीला ठोकळा कसं म्हणणार? बाकी आमच्या मावशीच्या वॉर्डात 'लाईट द्यायला नेलं' म्हणायचे, हे अजून कुठे ऐकलंय का कुणी?